रणपिसे सरांचा परदेश

फुटबॉलच्या मैदानाच्या ऐन मध्यावर मी एकदा सरस्वती काढली होती. दसऱ्याला पाटीवर काढतात तीच, एकडे जोडून केलेली. पाटीवरची वीतभर असते. माझी एवढी मोठी होती की तिच्यावर चार पोरं आडवी झोपली असती. भोवतीनं कमळाच्या पाकळ्या, वर कमानीत ‘सुस्वागतम्’. दौंडचे पाहुणे बघून थक्क होतील असं मला वाटलं होतं. ते झालेच. त्यानंतर माझं लग्न झालं, मुलं झाली, त्यांची लग्नं झाली, तोवर ते पुन्हा आमच्याकडं फिरकले नाहीत.

मी बावीस वर्षांची होते. घोडनदी गावची मुलगी, बी.एड.ची शाई अजून वाळायची होती. शाळेत मराठी शिकवायला लागून जेमतेम सहा महिने झालेले, आणि माझ्या येण्याआधी या गावात कुणी सुंदर असं काही पाहिलंच नव्हतं अशी माझी पक्की खात्री. आज ती मुलगी समोर आली तर मी तिला आधी तांब्याभर पाणी देईन आणि मग हळूच तिच्या हातातला रांगोळीचा डबा काढून घेईन.

मैदान आखायचं काम रणपिसे सरांचं. त्या सकाळी ते पाहुण्यांना आणायला पुलापर्यंत निघाले होते. जाताना फक्कीचं, म्हणजे मैदान आखायच्या पांढऱ्या भुकटीचं, घमेलं माझ्यापुढं ठेवून म्हणाले, “बाई, कडंच्या रेघा मी मारल्यात. मधलं वर्तुळ तेवढं राह्यलंय. खुंटी आन् दोरी तिथंच हाय. दोरी फिरवायची, मागनं फक्की सोडायची. बस्स.”

यातला ‘बस्स’ मी ऐकलाच नाही.

सुदाम रणपिसे आमच्या शाळेचे खेळाचे शिक्षक. न्हावऱ्याहून आत, भीमेच्या अंगाला आमचं गाव. ऊस, कांदा, म्हशी. खेळ म्हणजे कबड्डी आणि यात्रेतली कुस्ती. अशा गावात हा माणूस फुटबॉल घेऊन आला आणि निवृत्त होईपर्यंत तेच करत राहिला. सर मूळचे दौंडचे, रेल्वेच्या वस्तीतले. वडील लोको शेडला कोळसा ओढायचे. अंगानं काटकुळे, चालताना जरा पुढं झुकलेले, जसे काही कायम चढावर आहेत. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते जूनमध्ये, सकाळी प्रार्थनेच्या वेळी, आणि मनात म्हटलं, या माणसाची रात्री झोप झालेली दिसत नाही. पुढं कळलं की तो त्यांचा रोजचा चेहरा होता. झोप झाल्यावरचा.

त्यांच्या विजारीचे खिसे कायम फुगलेले असायचे. आत सराटे. आमचं मैदान म्हणजे मुरमाड माळ, त्यावर सराट्याची वेल पसरलेली आणि तिची काटेरी फळं जिकडंतिकडं. पोरं खेळणार अनवाणी. म्हणून सरावाच्या आधी सगळा संघ एका रांगेत उभा राहायचा आणि वाकून काटे वेचत मैदान या टोकाकडून त्या टोकाला पार करायचा. सर रांगेच्या मधोमध. “आधी काटा, मग बॉल.” वेचलेला सराटा फेकला तर पुन्हा रुजतो, म्हणून तो खिशात टाकायचा आणि घरी चुलीत घालायचा. “यांचे कपडे धुवायला घेताना मला विंचवाच्या बिळात हात घातल्यासारखं वाटतं,” असं त्यांच्या पत्नी मला एकदा म्हणाल्या होत्या.

कुंपणाशी उभं राहून लोक हसायचे. एक म्हातारी म्हणाली, “मास्तर, पोरांकडून खुरपूनच घ्यायचं व्हतं तर आमच्या रानात का न्हाई आणली?”

“तुमच्या रानात बॉल फिरंल का मावशी?”

“न्हाई.”

“मग कसं करता?” आणि सर पुन्हा वाकले.

एखाद्या वर्गाचा तास रिकामा निघाला की सर तिथं जाऊन फुटबॉलचा इतिहास शिकवत. कुणी सांगितलेलं नसे. फळ्यावर खडूनं एक वाकडी रेघ ओढायची: भीमा. रेघेच्या अलीकडं लिहायचं ‘आपला देश’, पलीकडं ‘परदेश’. परदेश म्हणजे दौंड.

“आमच्या आज्याच्या टायमाला तिकडं गोरे ड्रायव्हर खेळायचे. गाडी दौंडाला लागली की पुढची ड्युटी येईस्तोवर बॉल. आमची माणसं कोळसा टाकून आली की कडंला बसून बघायची. मग गोरे गेले, बॉल राह्यला. तवा आमचे बाप खेळले. आमी पोरं गोलच्या मागं हुबी. बॉल भाईर आला की आणून द्यायचा, आन् देताना एक लाथ मारायला मिळायची. ती एक लाथ म्हंजी आमची शाळा.”

मग रेल्वेच्या पोरांचा संघ कसा झाला, चिंध्यांचा चेंडू जाऊन कातडी कसा आला, तो पावसात भिजला की भोपळ्यासारखा जड व्हायचा आणि डोक्यानं मारणारा मान धरून कसा बसायचा, हे सगळं सर अभिनयासह सांगत. पोरं विचारायची, “आन् मंग सर?”

“मंग मी नदी वलांडली,” सर म्हणायचे. इतिहास तिथं संपायचा आणि घंटा व्हायची.

दरवर्षी आमचा संघ दौंडला खेळायला जायचा. न्हावऱ्याला एसटी बदलायची. भीमेचा पूल आला की सर सीटवरून उठून ओरडायचे, “चला, सरहद्द आली, पासपोर्ट काढा!” आणि सगळी पोरं एसटीचे पास काढून हात वर धरायची. कंडक्टर कपाळावर हात मारून घ्यायचा. पलीकडं जाऊन आम्ही गोल खायचो, त्यांच्या हातचा चहा प्यायचो आणि परत यायचो. हरण्याचं सरांना फारसं वाटत नसे. त्यांना हवं होतं ते वेगळंच. दौंडच्या पोरांनी एकदा तरी पूल ओलांडून आमच्या माळावर खेळायला यावं. “आपुनच जातो तवर आपुन पाव्हणे,” ते म्हणायचे. “ते आपल्याकडं येतील तवा आपुन देश.”

दौंडचा संघ आल्बर्ट मामांच्या हातात होता. रेल्वेत फिटर, आवाज इंजिनाचा. ते आणि सर एकाच गोलच्या मागं वाढलेले. सर दरवर्षी बोलवायचे आणि मामा दरवर्षी म्हणायचे, “सुदाम, तेरे गाव में ग्राउंड है या शेत? माझ्या पोरांचे पाय फोडायचेत का?” शेवटी मी आले त्या वर्षी दिवाळीनंतर ते हो म्हणाले. त्या महिन्याभरात आमच्या पोरांनी इतके सराटे वेचले की माळाला टक्कल पडलं.

आणि त्या मैदानाच्या मध्यावर मी सरस्वती काढली.

सर पाहुण्यांना घेऊन पोचण्याआधी तिथं आप्पा पोचले. आप्पा म्हणजे शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष. गावात पान हलायचं ते त्यांना विचारून. त्यांनी रांगोळी पाहिली, “वा बाई, वा!” म्हणाले, पायातलं काढलं, नमस्कार केला आणि तिच्यावर जास्वंदीचं फूल वाहिलं. मी हवेत. इतकी हवेत की सर आले तेव्हा त्यांचा चेहरा मला नीट दिसलाही नाही. ते रांगोळीकडं बघत राहिले. मग फुलाकडं. मग आप्पांकडं. मग मला म्हणाले, “बाई, बॉल कुठं ठेवायचा?”

“जरा बाजूला ठेवा की सर, त्यात काय एवढं?”

खेळ सुरू झाला. आमचा कप्तान बाळू आधी सरस्वतीच्या पाया पडला. त्याचं बघून दहाही जण पडले. आणि मग ती पोरं तिला प्रदक्षिणा घातल्यासारखी कडंकडंनं पळायला लागली. विद्येवर पाय कसा द्यायचा? पुस्तकाला पाय लागला तरी ही पोरं नमस्कार करायची. दौंडची पोरंही सुरुवातीला बिचकली. पण थोड्याच वेळात आल्बर्ट मामा बाहेरून गरजले, “अरे, बीच में से जाओ! बीच में कोई नहीं!” खरंच कुणी नव्हतं. मधोमध हमरस्ता मोकळा होता. हाफ टाइमपर्यंत आम्ही चार गोल खाल्ले.

हाफ टाइमला सर माझ्याजवळ आले. हळू आवाजात म्हणाले, “बाई, तुमी काढलीय, तुमीच पुसा. मला पुसता यायची न्हाई.”

“सरस्वती कुणी पुसतं का सर?”

“पोरं रोज पाटीवरनं पुसत्यात.”

“ती ओल्या फडक्यानं!” मी म्हणाले, आणि डबा घेऊन मैदानात गेले. फिसकटलेल्या पाकळ्या मी नीट केल्या. हो. हाफ टाइममध्ये. सगळ्या गावादेखत.

‘मला पुसता यायची न्हाई’ याचा अर्थ मला कळायला किती वर्षं लागली ते सांगत नाही, माझीच लाज निघेल. सर बौद्धवाड्यात राहायचे. आप्पांनी फूल वाहिलेली सरस्वती रणपिसे नावाच्या मास्तरनं मोडली, ही बातमी दिवस मावळायच्या आत कुठं कुठं गेली असती आणि जाताना केवढी झाली असती, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आप्पांना ठाऊक होतं. अनवाण्या पोरांनाही ठाऊक असावं. सबंध मैदानावर ते ठाऊक नसलेली एकटी मी होते, मराठीची शिक्षिका.

हाफ टाइमनंतर दौंडचा एक काळासावळा, चपळ पोरगा चेंडूमागं आला आणि सुक्या रांगोळीवरून घसरला. पाकळ्यांपासून जो सरकला तो थेट सरस्वतीच्या पार. आप्पा खुर्चीतून उठले.

“ए पोरा! पाय कुठं देतो रे? कुनाचा हायेस तू?”

खेळ जागच्या जागी थांबला. त्या प्रश्नात काय विचारलंय ते सगळ्यांना समजलं. पोरगा पांढऱ्या भुकटीनं माखून उभा.

सर चालत गेले. पळाले नाहीत. पोराच्या आणि आप्पांच्या मध्ये उभे राहिले आणि म्हणाले, “आप्पा, त्याची चूक न्हाई. ग्राउंड आखायचं काम माझं व्हतं. चूक माझी.”

आल्बर्ट मामांनी चेंडू काखेत मारला. “चलो,” एवढंच पोरांना म्हणाले. जाताजाता सरांपाशी थांबले. “सुदाम, तुझ्या देशात खेळायचं का पूजा करायची, ते आधी ठरव. मग बोलाव.”

सगळे पांगल्यावर मी झाडू घेतला आणि रडत रडत सरस्वती झाडली. माझ्या रडण्याकडं कुणाचंही लक्ष नव्हतं, हे मला तेव्हा फार लागलं होतं. सर माझ्याकडं पाठ करून सराटे वेचत होते. सामना होऊन गेल्यावर! मैदानाच्या टोकाशी पोचल्यावर कंबर सरळ करून म्हणाले, “चला. परत पहिल्यापासनं.”

मला त्यावरून ते कधी एक शब्द बोलले नाहीत. फक्त फक्कीचं घमेलं पुन्हा माझ्या हातात दिलं नाही.

‘परत पहिल्यापासनं’ हे त्यांचं दर जूनचं वाक्य. आठवीत पोरगं यायचं, नववीत त्याला चेंडू थांबवता यायचा, दहावीत जरा कुठं मान वर करून बघायला लागायचं, की गेलं. बाळूला तर बापानं नववीतच गुऱ्हाळावर घातलं. सर तिथं गेले. बाळूचा बाप म्हणाला, “मास्तर, बॉलला लाथ मारून रस निघतो का?”

“न्हाई निघत. पण रविवारचा त्याला सोडा. त्याच्या जागी मी येतो.”

बापाला वाटलं, मास्तर थट्टा करतात. पण त्या हंगामात दर रविवारी बाळू मैदानावर आणि सर चरकात ऊस सारायला. मग पोरांना शिकवायला कोण? शिट्टी माझ्या गळ्यात. मी ती गोल झाला की वाजवायची आणि नाही झाला तरी वाजवायची, कारण मला ती वाजवायला आवडायची. पोरं दोन रविवार सोसून सरांकडं गेली. “सर, बाईंला चरकाव पाठवा ना, आन् तुमी या.”

पुढं कंपन्या आल्या. पोरं दहावीनंतर हेल्पर म्हणून लागायची, रविवारी आली तरी रात्रपाळीची झोप डोळ्यांत घेऊन. टीव्ही आला, मग क्रिकेट सगळं मैदान खाऊन बसलं. सर बोलून दाखवत नसत. फक्त चालताना आणखी पुढं झुकायला लागले. वर्षातून एकदा ते दौंडला आल्बर्ट मामांकडं जायचे, मामा ताट वाढायचे. पुन्हा बोलावण्यासाठी सरांनी तोंड उघडलं की म्हणायचे, “जेव. बोलू नको.” सर जेवून परत यायचे.

सर निवृत्त झाले. आप्पा गेले. त्यांच्या मुलानं अर्ध्या मैदानावर सांस्कृतिक भवन बांधलं. गोलचे खांब उपटून उरलेलं मैदान आडवं फिरवावं लागलं. मग सरांच्या डाव्या अंगातली ताकद गेली. बाळू आता स्वतःचा टेम्पो चालवतो आणि सकाळी पोरांना शिकवतो; तो त्यांना आणून मैदानाच्या कडंला खुर्चीत बसवायचा. मी भेटायला गेले की एकच विषय. परदेश.

गेल्या हिवाळ्यात सरांनी बाळूच्या फोनवरून आल्बर्ट मामांना सांगितलं, “आल्बर्ट, ग्राउंड निम्मं राह्यलंय. ते जायच्या आत येऊन जा.”  पलीकडून फोन कट झाला. बाळू म्हणाला, “रेंज गेली आसंल.” सर म्हणाले, “न्हाई. रडतोय. लहानपणापासनं तसाच हाय.”

मामांनी कळवलेल्या तारखेला, सामन्याच्या सकाळी बाळू माझ्या दारात. हातात घमेलं. “बाई, सर म्हंत्यात फक्की तुमी मारायची.”

“अरे, माझे गुडघे...”

“मी बी तेच म्हनलं. तर म्हणले, गुडघे दुखत्यात ते बरंय. जास्त वाकायच्या न्हाईत.”

गेले. खुंटी ठोकली, दोरी धरली, फिरले आणि फक्की सोडली. एक वर्तुळ. मग मोठ्यांदा म्हणाले, “बस्स.” खुर्चीतून सरांनी मान तिरपी करून पाहिलं. बोलायला त्यांना वेळ लागायचा.

“बाई,” ते म्हणाले, “अंडं झालंय.”

दौंडची पोरं पूल ओलांडून टेम्पोतून आली, त्यात दोन मुली. आल्बर्ट मामा काठी टेकत उतरले. मैदान लहान म्हणून सात-सात जणांचा खेळ ठरला. आमची पोरं अंड्याच्या आरपार बेधडक पळाली आणि एका गोलनं हरली. सर मध्येच डुलकी घेत होते, मध्येच जागे होऊन भलत्याच पोराला बाळू म्हणून हाक मारत होते. दोघे म्हातारे शेजारी बसले होते.

सामना संपला, सगळे पोहे खायला भवनात गेले. मी सरांसाठी बशी घेऊन वळले तर ते एकटेच होते. चांगल्या हातानं काठी धरून पायाशी काहीतरी खरवडत होते. वाकून मी बघितलं. सराटा होता. तो त्यांनी काठीनं जवळ ओढला, मी उचलून हातावर ठेवला. सरांनी तो नीट निरखला आणि सदऱ्याच्या खिशात टाकला. बाळूनं त्यांना उचलून टेम्पोत पुढच्या सीटवर बसवलं. काच खाली होती. टेम्पो वळला तरी त्यांचं तोंड मैदानाकडंच होतं.

पावसाळ्यात सर गेले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला आल्बर्ट मामा एसटीनं आले, न्हावऱ्याला बदलून, एकटे. बुद्धवंदना झाली, लोक बोलले, जेवणं झाली. मामा माझ्या शेजारच्या खुर्चीत काठीवर हनुवटी ठेवून बसून होते. जायला उठले तेव्हा माझ्यासमोर थांबले आणि म्हणाले, “बाई, सुदाम नाही आता, तर पुढच्या साली कवा यायचं ते तुम्ही कळवा. और बीच में काढा तुमची ती सरस्वती. आमची पोरं कडंकडंनं पळतील.”